एका नंबरावरची माणसं

ताई आधी एक बोट वर करायच्या. मग त्याच्या शेजारी दुसरं. दोन्ही बोटं तशीच धरून, चष्म्याच्या वरून समोरच्याकडे बघत विचारायच्या, "हे एक आहे की दोन?"

हा प्रश्न त्यांना कुठेही पडायचा. एकदा दुपारी डबे उघडले आणि सटाण्याकडचा आमचा एक सहकारी म्हणाला की झुणका आणि पिठलं यांत काही फरक नसतो. ताईंची बोटं वर. "एक की दोन?" तो म्हणाला, "ताई, पिठलं आटवलं की झुणका." ताईंनी एक बोट खाली घेतलं. "मग एकच. फक्त अवस्था बदलली. उगाच दोन खोकी करू नकोस." सगळे हसले. त्या मात्र गंभीर होत्या. घास तोंडात ठेवून त्या खरोखरच पिठल्याचा विचार करत होत्या.

आमचं ऑफिस कॉलेज रोडच्या आतल्या एका गल्लीत, झेरॉक्सच्या दुकानावर, तिसऱ्या मजल्यावर आहे. आठ-नऊ माणसं. लहान संस्थांना, दवाखान्यांना, शाळांना वेबवर चालणारी सॉफ्टवेअर करून द्यायची, हे काम. ताई आमच्यात सर्वांत मोठ्या, पन्नाशी ओलांडलेल्या. मनमाडहून रोज अप-डाऊन करायच्या. डेटा एंट्रीला लागल्या आणि भरता भरता जिथे भरतो ती जागाच चुकीची आहे हे त्यांना कळायला लागलं. कोणी शिकवलं नव्हतं. आम्ही बाकी सगळे पदव्या घेऊन आलो होतो. अडलं की त्यांच्याकडे जायचो.

बिघाड घेऊन गेलं की त्या कीबोर्डला हात लावत नसत. छापून वाया गेलेला कागद उलटा करायचा, साधी लाकडी पेन्सिल घ्यायची आणि चौकोन काढायचे. माणूस हा एक चौकोन. भेट हा दुसरा. औषध हा तिसरा. मग चौकोनांना जोडणाऱ्या रेघा, आणि प्रत्येक रेघेच्या टोकाला 'एक' किंवा 'अनेक'. आमच्या धंद्यात याला डेटा मॉडेल म्हणतात. जगात कोणत्या गोष्टी आहेत, किती आहेत आणि कोण कोणाला लटकलंय, एवढंच त्यात असतं. ते एकदा सांगितलं की तयार फ्रेमवर्क बाकीचं बांधून देतं, तक्ते, फॉर्म, शोधायची खिडकी. "ते फार आज्ञाधारक असतं," ताई म्हणायच्या. "खोटं सांगितलंस तर खोट्यावर घर बांधून देतं. आणि घर छान दिसतं."

त्यांचे वडील मनमाडच्या रेल्वे यार्डात होते. उभ्या मालगाडीच्या कडेने चालत जायचं आणि एकेका डब्याचा नंबर वहीत उतरवायचा. ताई सांगायच्या, "डब्यात आज कांदा, उद्या सिमेंट. वरचं लेबल रोज बदलतं. नंबर डब्याच्या अंगावर रंगवलेला असतो, तो बदलत नाही. लेबल बघून डबा ओळखायला गेलं की माल भलत्याच गावाला जातो. माझे वडील कधी लेबल वाचायचेच नाहीत."

मला त्या 'वाचनालय' म्हणायच्या. माझ्या डब्याच्या पिशवीत नेहमी एखादं पुस्तक असायचं म्हणून. सकाळी जिना चढून आल्या की धाप आवरत दारातूनच, "काय वाचनालय, उघडलंय का?" मी म्हणायची, "उघडलंय ताई, पण आज बोलायला बंदी आहे." "मग बरंय. मला श्वास घ्यायला वेळ मिळेल."

तेव्हा हा विनोद होता.

एका धर्मादाय संस्थेचं काम आमच्याकडे आलं. तिचे दवाखाने होते, एक पंचवटीत, एक इगतपुरीच्या पुढे, एक पेठच्या बाजूला, आणखी एकदोन. आलेल्या रुग्णाची नोंद करायची, त्याला कोणती औषधं चालू आहेत आणि कोणतं औषध चालत नाही ते डॉक्टरांच्या स्क्रीनवर दिसलं पाहिजे. सरांना, म्हणजे आमच्या मालकांना, घाई होती. ताई त्या महिन्यात सुट्टीवर होत्या. धाप लागते म्हणून डॉक्टरांनी घरी बसवलं होतं. मॉडेल मी केलं.

माणूस ओळखायचा कशावरून? आधार कार्ड सगळे आणत नाहीत. नावांत गोंधळ होतो. मी मोबाईल नंबर घेतला. माझ्या घरात माणसं चार आणि फोन पाच. मला दुसरं काही सुचलंच नाही. फ्रेमवर्कमध्ये त्यासाठी एक ओळ पुरते. तिचा अर्थ असा, की या नंबराचा माणूस सापडला तर तोच घे आणि त्याची माहिती नवी कर, नाही सापडला तर नवा माणूस तयार कर. ओळ लिहून झाल्यावर मी ती दोनदा वाचली. मला ती आवडली होती. हे मी मुद्दाम लिहून ठेवतेय.

ताई परत आल्या त्याच आठवड्यात इगतपुरीकडच्या दवाखान्यातून फोन आला. तिथल्या सिस्टर स्पीकरवर होत्या.

"मॅडम, आमची एक म्हातारी सकाळी सत्तर वर्षांची असते आणि दुपारी बावीसची होते. नावही बदलतं. काय खाते कोणास ठाऊक. आम्हालाही कळवा."

सगळं ऑफिस हसलं. मीही हसले. ताईंनी एक बोट वर केलं, आणि त्या दिवशी ते लवकर खाली आलं नाही.

मी त्याच दुपारी उपाय केला. एकदा भरलेलं नाव बदलताच येणार नाही असं करून टाकलं. चारच ओळी. तक्रार थांबली. दोन दिवस गेले, चार गेले, फोन नाही. मी ताईंना म्हणाले, "सुटलं बघा."

"कोणी सांगितलं सुटलं म्हणून?"

"तक्रार नाही ना आली."

"तेच म्हणते मी." त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. "ओरडणारं पोर गप्प झालं की आई उठून बघते. तू झोपायला निघालीस."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने आम्ही दोघी इगतपुरीला गेलो. डिसेंबर होता, धुकं होतं. दवाखाना गावाबाहेर, पत्र्याचा. नोंदणीच्या खिडकीशी बाक होता, त्यावर ताई बसल्या. मी कारकुनाच्या मागे, स्क्रीन दिसेल अशी.

थोड्या वेळाने एक म्हातारी आणि तिची सून आल्या. दाखवायचं सुनेला होतं. तिला सातवा महिना होता आणि घसा सुजून ताप आला होता. कारकुनाने नंबर विचारला. तिने पाठ म्हणून दाखवला. फोन तिच्याजवळ नव्हता, तो नवऱ्याच्या खिशात, घोटीच्या भाताच्या गिरणीत. कारकुनाने नंबर टाकला. स्क्रीनवर सासूचं नाव आलं. नाव बदलायची सोय मी बंद केली होती. त्याने एकदा सुनेकडे पाहिलं, एकदा स्क्रीनकडे, आणि 'पुढे' दाबलं.

तुम्हीही खिडक्यांशी बसलेली अशी माणसं पाहिली असतील. त्याची चूक नव्हती. मागे रांग होती.

सुनेच्या मागोमाग आम्ही दोघी आत गेलो. डॉक्टरांच्या स्क्रीनवर आलं, वय सत्तर, शुगरच्या गोळ्या चालू. 'कोणतं औषध चालत नाही' या रकान्यात 'काही नाही'. दोन आठवड्यांपूर्वी सासू येऊन गेली होती, तेव्हा तिचं उत्तर तिथे लिहिलं गेलं होतं. त्याआधी त्याच रकान्यात सुनेचं उत्तर होतं. एका इंजेक्शनने तिचं तोंड सुजलं होतं, श्वास अडकला होता. ते पुसलं गेलं होतं. डॉक्टर तेच इंजेक्शन लिहायला निघाले होते. सिस्टरांनी टेबलाच्या खणातून खाकी कव्हर घातलेली जाड वही काढली, पान शोधलं आणि बोट ठेवलं. लाल पेनाने लिहिलेलं होतं.

"स्क्रीन काही का म्हणेना," त्या आम्हाला म्हणाल्या, "मी हिच्यात बघितल्याशिवाय सुई भरत नाही."

ताईंनी विचारलं, "वही चालू ठेवणार ना?"

"कुठली! एक तारखेपासून वह्या बंद. वरून ऑर्डर आहे. सगळं कॉम्प्युटरवर. गठ्ठे बांधून ठेवा म्हणालेत, रद्दीवाला येणार आहे."

ताई बाहेर येऊन म्हातारीशेजारी बसल्या.

"आजी, तुमच्या घरात फोन किती?"

"एक हाय."

"आणि माणसं?"

"खाणारी का कमावणारी?"

"सगळी सांगा."

"सात. शेजारची धरली तं अकरा. त्यांच्याकं फोन नाय, ते बी आमचाच नंबर सांगत्यात. का, पैसं पडतात का त्याचं?"

"नाही आजी. सांगू दे त्यांना."

परतीच्या गाडीत ताई खिडकीला डोकं टेकून होत्या. पाडळी स्टेशन मागे गेल्यावर म्हणाल्या, "बारा दिवस आहेत वाचनालय. त्या वह्या आहेत तोवर कोण कोण आहे ते सांगता येईल. वह्या गेल्या की ही माणसं एकमेकांतच राहणार. मग एक दिवस कोणीतरी सुई भरेल."

सरांच्या केबिनमध्ये मी दाराशी उभी होते.

"ताई, एक तारीख ठरलेली आहे. सगळेच दवाखाने वह्या सोडून यावर येतायत. हे आपण दुसऱ्या व्हर्जनमध्ये करू."

"दुसऱ्या व्हर्जनमध्ये भरायचं काय? वह्या रद्दीत गेलेल्या असतील."

"पण हे झालं कसं? ही ओळ कोणाची आहे?"

कोणती ओळ कोणी लिहिली हे आमच्याकडे दोन क्लिकमध्ये दिसतं. सरांनी माउसला हात घातला. ताई म्हणाल्या, "माझी. आता माझी."

सरांनी माउस सोडला. तारीख हलणार नाही म्हणाले, पण बारा दिवसांत काय हवं ते करा.

नवं मॉडेल ताईंनी त्याच संध्याकाळी पाठकोऱ्या कागदावर काढलं. माणूस एक चौकोन. नंबर दुसरा चौकोन. मध्ये रेघ. एका नंबरावर अनेक माणसं, एका माणसाचे अनेक नंबर, किंवा एकही नाही. "नंबर हे लेबल आहे," त्या म्हणाल्या. "आज ह्याच्याकडे, उद्या कंपनी तो दुसऱ्याला देईल." ते उतरवायला मला दोन दिवस लागले. फ्रेमवर्कने मुकाट्याने ऐकलं. जुने तक्ते मोडून नवे बांधले. पण जी माणसं एकमेकांत मिसळली होती ती त्याला वेगळी करता येईनात. त्याच्या दृष्टीने ती कधी वेगळी नव्हतीच.

ते वह्यांचं काम होतं. वह्या एसटीच्या पार्सलने आल्या, पंचवटीतल्या रिक्षाने आल्या. ऑफिसात डेटॉलचा वास सुटला. ताई वहीतून वाचायच्या, मी स्क्रीनवर तो नंबर काढायची. बोट वर. "एक." पुढचं पान. "दोन." पुढचं. "थांब, ह्यात तीन आहेत गं. जावा-जावा आणि एकीचा मुलगा." दिवसभर हेच. बाकीचे येता-जाता म्हणायचे, "ताई, जनगणना कुठवर आली?" त्या म्हणायच्या, "तुझ्या घरापर्यंत यायचीय. किती जण आहात ते ठरवून ठेवा."

आठव्या दिवसापासून त्या एका दमात नाव आणि आडनाव वाचू शकत नव्हत्या. नाव. मग श्वास. मग आडनाव. पाय सुजले होते. टेबलाखाली चपलांचे बंद सोडून बसायच्या. मी म्हणाले, "डॉक्टरांकडे जाऊन या. मी वाचते." त्या म्हणाल्या, "एक तारखेनंतर." मी पुन्हा म्हणाले. त्यांनी नुसतं पान उलटलं. तिसऱ्यांदा मी म्हणाले नाही. ते अजून माझ्याकडेच आहे.

एकदा मध्येच हसल्या. तपासणीसाठी केलेली एक नोंद समोर आली होती. ती त्यांचीच होती, त्यांच्याच नंबरावर. सुट्टीवरून परत आल्या त्या दिवशी, माझा फॉर्म कसा चालतो ते बघायला म्हणून त्यांनी भरून ठेवली होती. 'कोणतं औषध चालत नाही' या रकान्यात त्यांनी लिहिलं होतं, 'घाई'.

"पुसू?" मी विचारलं.

"राहू दे. खरं आहे ते."

एका नंबरावर आधीच कोणी असेल तर खिडकीवरच्या माणसाला स्क्रीन आता विचारणार होती, हीच व्यक्ती की दुसरी? पण ताईंचा त्यावर भरवसा नव्हता. "रांग असली की लोक वाचत नाहीत. वरचं बटण दाबतात." म्हणून त्यांनी एक यादी लावायला सांगितली. जुन्या नंबरावर काल कोण नवीन आलं त्याची, रोज सकाळी. ती आमच्यापैकी कोणीतरी वाचायची, दवाखान्यात फोन करायचा, मग त्या नंबरावर फोन करायचा.

सर म्हणाले, "रोज? हे कोण करणार?"

ताईंनी माझ्याकडे बोट केलं. "हिला वाचायची सवय आहे."

एकतीस तारखेच्या दुपारी वह्या संपल्या. अकरा नोंदी राहिल्या. पेठच्या दवाखान्याच्या वहीवर छत गळलं होतं, पानं चिकटून शाई पसरली होती. त्या नंबरांवर एक माणूस होता की चार, कोणाला काय चालत नव्हतं, काही सांगता येईना. ताईंनी त्या अकराही नोंदी लाल करायला लावल्या; त्यांतली एखादी कुठल्याही खिडकीवर उघडली गेली की ती त्याच मिनिटाला आमच्या यादीत येणार होती. वर मोठ्या अक्षरांत, 'कोण आहे माहीत नाही. नीट विचारल्याशिवाय काही देऊ नये.'

"ताई, 'माहीत नाही' असं आपल्या सॉफ्टवेअरवर?" सर म्हणाले. "बरं दिसत नाही."

"बरं दिसायला नकोच आहे," ताई म्हणाल्या आणि चपला चढवायला वाकल्या. वाकलेल्या अवस्थेतच थोडा वेळ थांबल्या. मग भिंतीला धरून उठल्या, पिशवी घेतली. जिन्यावर त्यांची पावलं ऐकू येत होती. प्रत्येक मजल्याला थांबत होत्या.

एक तारखेला दहा वाजता त्यांच्या वहिनींचा फोन आला. सकाळी गाडीसाठी तयार होत होत्या. वेणी घालता घालता खाली बसल्या, त्या उठल्या नाहीत.

त्याच दिवशी वह्यांचे गठ्ठे रद्दीवाल्याने नेले. मी खाली उभी राहून ते टेम्पोत चढताना पाहिलं.

जलदान विधीला मी मनमाडला गेले. लहानसं घर, पांढऱ्या साड्यांतल्या विहारातल्या बायका, एकत्र म्हटलेली वंदना. वहिनींनी मला जवळ बसवून घेतलं. "तुम्ही वाचनालय ना? रोज सांगायच्या तुमचं." निघताना त्या म्हणाल्या, "त्यांचा फोन बंदच करतोय आता. कोण वापरणार?"

त्याला आता वर्ष होत आलं. मी रोज सकाळी यादी वाचते. अकरांपैकी सात नंबरांवरची माणसं पुढे कधीतरी दवाखान्यात आली, विचारून वेगळी झाली. चार अजून लाल आहेत. ती माणसं कुठल्या पाड्यावर आहेत, त्यांतलं कोण तापाने पडलंय, मला ठाऊक नाही.

आज यादीत पहिलाच नंबर ताईंचा होता. खाली दोन नावं. एक त्यांचं. दुसरं, पंचवटीतली कोणी एकतीस वर्षांची बाई.

मी पंचवटीच्या दवाखान्यात फोन केला. खिडकीवरची मुलगी म्हणाली, "हो मॅडम, नवीन सिम घेतलंय त्यांनी. आधीच्या बाईंचं काहीतरी विचित्र आलं होतं, घाई चालत नाही म्हणून. मी ह्यांना विचारलं, तुम्हाला घाई चालत नाही का हो? तर म्हणाल्या, अगं मी भाजी विकते, मला उभं राहायला चालत नाही, लवकर कर. मग मी वेगळी नोंद केली. बरोबर ना?"

"बरोबर," मी म्हणाले.

नियम ताईंनीच केलेला होता, म्हणून नंतर त्या नंबरावर फोन लावला. आकडे बघावे लागले नाहीत. पलीकडे बाजाराचा गलका होता. "हॅलो? कोण? अहो बोला ना." मी त्या बाईंचं नाव विचारलं, त्यांनी सांगितलं. मी नोंदीपुढे 'दोन' लिहिलं.

मग खालची ओळ वाचली. चार लाल नंबरांपैकी एक, पेठचा. आज सकाळी नऊ पस्तीसला खिडकीवर उघडला गेला होता. खाली कोणीतरी उत्तर निवडलं होतं, 'हीच व्यक्ती'. वरचं बटण. घड्याळात नऊ पंचेचाळीस झाले होते.

मी पेठच्या दवाखान्याला फोन लावला. घंटा वाजत होती. पलीकडे, टेबलावर, त्या खोलीत, वाजत होती. कोणी उचलत नव्हतं. मी पुन्हा लावला. ऑफिसात अजून कोणी आलेलं नव्हतं. रिसीव्हर कानाशी धरून मी स्क्रीनवरच्या त्या एका नावाकडे बघत राहिले, आणि बऱ्याच वेळाने माझ्या लक्षात आलं की माझं एक बोट वर आहे.